समन्यायी वाटपाचे गणित आणि न्यायाची पूर्वअट : मर्यादित पाण्याच्या संदर्भात इष्टतमीकरण-पद्धतींची चिकित्सा

सारांश

मर्यादित साधनांचे न्याय्य वाटप करण्यासाठी गणित व संगणकशास्त्र यांत विकसित झालेल्या इष्टतमीकरणाच्या (ऑप्टिमायझेशनच्या) पद्धतींची चिकित्सा प्रस्तुत लेखात पाण्याच्या वाटपाच्या संदर्भात केली आहे. या पद्धती न्याय निर्माण करीत नाहीत. आधी केलेली न्यायाची निवड त्या अचूकपणे अमलात आणतात. हक्काचे एकक कोणते, मागणी कशी मोजावी आणि वाटेतील तूट कोणी सोसावी, या तीन प्रश्नांची उत्तरे समीकरण मांडण्यापूर्वीच दिली जातात. गोदावरी खोऱ्यातील समन्यायी वाटपाचा कायदा, फड पद्धती आणि पाणी पंचायत या उदाहरणांच्या आधारे हे प्रतिपादन तपासले आहे.

बीजसंज्ञा : इष्टतमीकरण, समन्यायी वाटप, उद्दिष्ट फलन, वहनव्यय, पाणी पंचायत, जायकवाडी.

१. प्रस्तावना

साधने अपुरी आणि मागणारे अनेक, ही परिस्थिती मानवी समाजाला नवी नाही. विसाव्या शतकात नवी गोष्ट घडली ती ही की, या परिस्थितीला गणिताची भाषा मिळाली. १९३९ मध्ये लेनिनग्राड येथे लिओनिद कांतोरोविच यांनी उत्पादनाच्या नियोजनासाठी रेषीय समीकरणांवर आधारलेली पद्धत मांडली. १९४७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी सिंप्लेक्स पद्धत शोधली. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेत काम करीत असताना रेषीय नियोजनाचा नवा अल्गोरिदम प्रसिद्ध केला. फार मोठ्या आकाराचे प्रश्नही व्यवहार्य वेळात सुटू शकतात, ही जाणीव त्यामुळे दृढ झाली.

गणनाची ही शक्ती जसजशी वाढत गेली, तसतशी तिच्याकडून असलेली अपेक्षाही बदलली. प्रारंभी प्रश्न होता, उपलब्ध साधनांतून जास्तीत जास्त उत्पादन कसे काढावे. पुढे प्रश्न आला तो साधने न्याय्य रीतीने कशी वाटावीत हा. दूरसंचार जाळ्यांतील वहनक्षमता, महाविद्यालयीन प्रवेशाच्या जागा, धरणांतील पाणी अशा भिन्न क्षेत्रांत ‘न्याय्य वाटपाचे अल्गोरिदम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याबरोबर एक समजूतही रुजली. माणसे पक्षपाती असतात, यंत्र नसते. म्हणून वाटप यंत्राकडे सोपविले की वाद मिटतो, ही ती समजूत होय.

प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा केली आहे. इष्टतमीकरणाचे गणित निरुपयोगी आहे असे येथे म्हणावयाचे नाही. ते काय करू शकते आणि कोणते काम त्याच्यावर लादले जाते, यांतील अंतर दाखविणे हा हेतू आहे. विवेचनासाठी पाण्याचे क्षेत्र निवडण्याचे कारण उघड आहे. दूरसंचार जाळ्यात हिस्सा कमी मिळाला तर संदेश उशिरा पोहोचतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाला हिस्सा मिळाला नाही तर पीक जाते आणि त्यामागून कुटुंबाचे वर्ष जाते.

२. एकच तूट, चार न्याय

इष्टतमीकरणाच्या कोणत्याही प्रश्नाचे दोन भाग असतात. काय साधावयाचे हे सांगणारे उद्दिष्ट फलन आणि काय ओलांडता येणार नाही हे सांगणारे निर्बंध. अल्गोरिदमचे कार्य या दोहोंच्या नंतर सुरू होते. निर्बंधांच्या आत राहून उद्दिष्ट फलनाचे सर्वांत मोठे मूल्य कोठे मिळते, एवढेच तो शोधतो. ‘न्याय’ हा शब्द त्याला ठाऊक नसतो. तो उद्दिष्ट फलनात लिहावा लागतो.

तो किती प्रकारे लिहिता येतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कालव्यावर तीन गावे आहेत. त्यांची मागणी अनुक्रमे १२०, ६० आणि २० एकक, म्हणजे एकूण २०० एकक आहे. पाणी मात्र १०० एककच आहे. मागणीच्या प्रमाणात वाटप केले तर गावांना ६०, ३० आणि १० एकक मिळतात. सर्वांत कमी हिस्सा मिळणाऱ्याचा हिस्सा शक्य तितका वाढवावा, हे तत्त्व लावले तर लहान गावाची २० एककांची मागणी पूर्ण होते आणि उरलेली दोन गावे प्रत्येकी ४० एकक घेतात. तूट सर्वांनी सारखी सोसावी असे ठरविले तर चित्र उलटते. लहान गावाची मागणीच २० असल्याने त्याला काहीही मिळत नाही आणि इतर दोघांना ८० व २० एकक मिळतात. एकूण उत्पन्न जास्तीत जास्त व्हावे असे म्हटले आणि पहिल्या गावातील पीक दर एककामागे सर्वांत अधिक पैसा देणारे असले, तर सर्व १०० एकक त्या एकाच गावाला जातात.

या चारही वाटपांना तर्कशुद्ध आधार आहे. प्रमाणशीर वाटपाची परंपरा अ‍ॅरिस्टॉटलच्या वितरणात्मक न्यायाच्या विचारापर्यंत मागे नेता येते. दुसऱ्या वाटपाशी जॉन रॉल्स यांच्या १९७१ मधील न्यायसिद्धान्ताचे नाव जोडले जाते. तूट समान वाटण्याचे तत्त्व दिवाळखोराची मालमत्ता धनकोंमध्ये वाटण्याच्या गणितात अभ्यासले गेले आहे. चौथ्याचा आधार उपयुक्ततावादात आहे. चारही प्रश्न संगणक क्षणार्धात सोडवील आणि चारही उत्तरे ‘इष्टतम’ असतील. एकाच लहान गावाला २०, १०, ० आणि पुन्हा ० असे हिस्से देणारी ही उत्तरे असल्याने, ‘इष्टतम’ या शब्दातून न्यायाविषयी काहीही निष्पन्न होत नाही, हे मान्य करावे लागते.

रॉल्स यांच्या नावाच्या वापराविषयी येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. समाजाच्या मूलभूत रचनेतील विषमता कोणत्या अटीवर समर्थनीय ठरते, हा रॉल्स यांचा प्रश्न होता. संधी, उत्पन्न, स्वाभिमानाचे सामाजिक आधार अशा प्राथमिक वस्तूंचा ते विचार करीत होते. एका कालव्यातील एका पाळीचे घनमीटर हा त्यांच्या विवेचनाचा विषय नव्हता. किमान हिश्शाचे कमालीकरण करणाऱ्या सूत्राला त्यांचे नाव दिल्याने ते सूत्र आपोआप न्याय्य होत नाही. ज्याच्याकडे विहीर, बोअर आणि शेततळे आहे, त्याचा कालव्यातील हिस्सा कमी असला तरी तो ‘सर्वांत वंचित’ ठरत नाही. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या व्याख्यानात समता कशाची, असा प्रश्न विचारला होता. वाटपाच्या गणिताला तो प्रश्न टाळता येत नाही.

३. मागणी नावाचे गृहीतक

वरील उदाहरणात गावांची मागणी ही दिलेली गोष्ट मानली होती. व्यवहारात मागणी घडविली जाते. पहिल्या गावाने उसाखालील क्षेत्र वाढवून आपली मागणी १२० वरून ३२० एककांवर नेली, असे समजू. एकूण मागणी ४०० होते. प्रमाणशीर वाटपात त्या गावाचा हिस्सा ६० वरून ८० वर जातो. ज्यांनी काहीही बदलले नाही त्या दोन गावांचे हिस्से ३० व १० वरून १५ व ५ वर येतात. किमान हिस्सा वाढविण्याच्या तत्त्वानुसार मात्र वाटप पूर्वीप्रमाणेच ४०, ४० व २० राहते.

हा फरक केवळ गणिती नाही. प्रमाणशीर वाटप वरकरणी सर्वांत निरुपद्रवी वाटते. ‘ज्याची जेवढी गरज, त्याला तेवढ्या प्रमाणात’ असे ते ऐकू येते. परंतु मागणी आणि गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत. मागणी मोजली की जो अधिक मागू शकतो त्याला बक्षीस मिळते, आणि अधिक मागण्याची ऐपत ही भांडवल, पंप, कारखान्याशी झालेला करार आणि राजकीय वजन यांवर अवलंबून असते. ज्या वाटपात फुगविलेल्या मागणीला फळ मिळते, तेथे तुटवडा स्वतःलाच वाढवीत जातो.

अल्गोरिदमच्या अभ्यासकांना हा धोका ज्ञात आहे. खोटे सांगून कोणालाही लाभ होऊ नये अशी रचना करणे, हा या शास्त्राचा एक महत्त्वाचा विषय आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या जुळणीच्या पद्धतीत प्रस्ताव मांडणाऱ्या पक्षाला आपला खरा पसंतिक्रम लपविण्यात फायदा नसतो, हे पुढे सिद्ध झाले. पाण्याच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. उसाची मागणी करणारा शेतकरी खोटे बोलत नसतो. त्याने पीक खरोखरच लावलेले असते आणि त्याला पाणी खरोखरच हवे असते. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाही; ते पीक लावण्याचा निर्णय वाटपाच्या आधी घ्यावयाचा की नंतर, आणि तो कोणी घ्यावयाचा, हा आहे. कोणताही अल्गोरिदम हा प्रश्न स्वतःहून उपस्थित करीत नाही.

४. वाटेतील तूट आणि ‘न्यायाची किंमत’

पाणी वाहते आणि वाहताना कमी होते. जलसंपदा विभागाच्या परिभाषेत याला वहनव्यय म्हणतात. वाटपाच्या गणिताची खरी परीक्षा येथे होते.

कालव्याच्या मुखाशी १०० एकक पाणी आहे. एक शेतकरी मुखाशी, दुसरा टोकाला आहे. टोकाच्या शेतकऱ्याला १ एकक पोहोचविण्यासाठी मुखाशी २ एकक सोडावे लागतात, असे मानू. शेतात पोहोचणाऱ्या पाण्याची बेरीज जास्तीत जास्त करावयाची असेल तर सर्व १०० एकक मुखाशीच द्यावे लागतात. दोघांच्या शेतात सारखे पाणी पोहोचवावयाचे असेल तर प्रत्येकाला सुमारे ३३.३ एकक मिळतात आणि एकूण बेरीज ६६.७ वर येते. तिसरा मार्ग प्रमाणबद्ध न्यायाचा. जॉन नॅश यांनी १९५० मध्ये मांडलेल्या सौद्याच्या सिद्धान्ताशी नाते सांगणारे आणि फ्रँक केली यांनी १९९० च्या दशकात दूरसंचार जाळ्यांसाठी विकसित केलेले हे तत्त्व लावले तर मुखाच्या शेतकऱ्याला ५० आणि टोकाच्या शेतकऱ्याला २५ एकक मिळतात. बेरीज ७५ होते. म्हणजे मुखाशी मोजलेले पाणी दोघांत निम्मेनिम्मे होते आणि वाटेतील संपूर्ण तूट टोकाचा शेतकरी सोसतो.

प्रमाणबद्ध न्यायाला या विषयाच्या वाङ्मयात समतोल मार्ग म्हणून मोठी प्रतिष्ठा आहे, कारण तो बेरजेचा फार त्याग करीत नाही आणि कोणालाही शून्यावर आणीत नाही. वरील उदाहरणात मात्र या समतोलाचा अर्थ एवढाच होतो की, लांब असण्याचा दंड लांब असणाऱ्याने भरावा. दूरसंचार जाळ्यात या दंडाला काही समर्थन आहे, कारण लांबचा संदेश अनेक जोडण्यांची जागा अडवितो. कालव्यात तसे नाही. टोकाच्या शेतकऱ्याने टोक निवडलेले नसते. त्याचे गाव आधीपासून तेथे होते, कालवा नंतर आला. एका क्षेत्रात योग्य ठरलेले तत्त्व दुसऱ्या क्षेत्रात उचलून नेताना त्याचे नैतिक समर्थन बरोबर येतेच असे नाही.

येथेच आणखी एका संकल्पनेची तपासणी आवश्यक ठरते. कमाल बेरीज आणि न्याय्य वाटपातील बेरीज यांतील सापेक्ष अंतराला २०११ मध्ये बर्त्सिमस, फारियास आणि त्रिकाकिस यांनी ‘न्यायाची किंमत’ असे नाव दिले. या मापनाने वरील उदाहरणात समान पाणी पोहोचविण्याची किंमत एकतृतीयांश, तर प्रमाणबद्ध न्यायाची किंमत एकचतुर्थांश येते. हे मापन गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे. नाव मात्र निर्दोष नाही. एखाद्या गोष्टीला किंमत आहे असे म्हणताना, ती घेतली नाही तर काही वाचते असे सूचित होते. म्हणजे सर्व पाणी मुखाशी देणे ही स्वाभाविक अवस्था, आणि टोकाला पाणी देणे हा तिच्यातून केलेला खर्च!

वस्तुतः हा खर्च न्यायाचा नसून गळतीचा आहे. कालव्याची दुरुस्ती करून टोकाला १ एकक पोहोचविण्यासाठी २ ऐवजी १.५ एकक लागतील अशी व्यवस्था झाली, तर समान वाटपात प्रत्येकाला ३३.३ ऐवजी ४० एकक मिळतात आणि ‘न्यायाची किंमत’ एकतृतीयांशावरून एकपंचमांशावर येते. न्यायाचे तत्त्व तेच राहिले. बदलला तो निर्बंध. फुटलेली चारी, गाळाने भरलेली वितरिका, झिजलेले अस्तरीकरण हे समीकरणात एका स्थिरांकाच्या रूपाने येतात आणि स्थिरांक झाल्यामुळेच निसर्गदत्त वाटू लागतात. मनुष्याच्या हयगयीला निर्बंधाचा दर्जा देणे, हा या पद्धतींच्या वापरातील सर्वांत मोठा दोष होय. यावरचा उपाय याच शास्त्रात आहे, हेही नमूद केले पाहिजे. इष्टतमीकरणात प्रत्येक निर्बंधाची छाया-किंमत काढता येते. तो निर्बंध किंचित सैल केला तर उद्दिष्ट किती सुधारेल, हे ती सांगते. वाटपाच्या तक्त्याबरोबर ही संख्याही जाहीर झाली तर दुरुस्तीच्या दिरंगाईचा हिशेब लोकांना मागता येईल.

५. कायद्यातील गणित : गोदावरीचे उदाहरण

महाराष्ट्रात हे प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेले नाहीत. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ याच्या कलम १२ मध्ये समन्यायी वाटपाचे नियम आहेत. त्यांची रचना इष्टतमीकरणाच्या भाषेत वाचली असता तीत दोन वेगवेगळे न्याय एकत्र नांदताना दिसतात.

पहिला नियम लाभक्षेत्रातील जमीनधारकांसाठी आहे. पाण्याचा कोटा जमिनीच्या आधारे ठरतो. टंचाईच्या काळात मात्र प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो किमान एक एकर क्षेत्र भिजेल एवढा कोटा द्यावा, असे परंतुक आहे. यातील मुख्य भाग प्रमाणशीर वाटपाचा, तर परंतुक किमान हिश्शाचे संरक्षण करणारे आहे. जमीन हे एकक मानल्यामुळे मागणी फुगविण्याचा दोष टळतो, परंतु जमिनीच्या मालकीतील विषमता पाण्यात उतरते आणि भूमिहीन हिशेबाबाहेर राहतात.

दुसरा नियम खोऱ्यासाठी आहे. टंचाईच्या वर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व धरणांत, खरिपातील वापर धरून, उपलब्ध पाण्याची टक्केवारी साधारणपणे सारखी राहील अशा रीतीने साठ्यांचे नियंत्रण करावे, असे तो सांगतो. ‘खरिपातील वापर धरून’ हे शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. ते नसते तर वरच्या धरणांनी खरिपात पाणी वापरून ऑक्टोबरात कमी साठा दाखविला असता आणि तोच साठा समतेचा आधार ठरला असता. फुगविलेल्या मागणीची पळवाट येथे कायद्याच्या भाषेनेच बुजविली आहे.

या नियमाची कसोटी ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यात लागली. नाशिक व अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) जिल्ह्यांतील गंगापूर, दारणा, पालखेड, भंडारदरा, मुळा आदी धरणे वर आणि पैठणचे जायकवाडी खाली, अशी ही रचना आहे. मेंढेगिरी समितीने २०१३ च्या अहवालात जायकवाडीतील साठ्याच्या स्थितीनुसार वरच्या धरणांनी कोणत्या मर्यादेत पाणी वापरावे, याचा तक्ता दिला. त्याच्या आधारे प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश काढला. जायकवाडीचा उपयुक्त साठा खरीप वापरासह ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरून पाणी सोडावे, असे त्यात होते. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. पुढेही टंचाईच्या वर्षी, उदाहरणार्थ २०२३ च्या हिवाळ्यात, पाणी सोडण्यावरून वाद आणि आंदोलने झालीच.

तक्ता असूनही वाद का होतो? कारण तक्त्याने जे गृहीत धरले त्याबद्दलच वाद आहे. काल्पनिक आकडे घेऊ. वरच्या धरणाची क्षमता ५० एकक, साठा ४५. खालच्याची क्षमता १००, साठा ३०. टक्केवारी ९० आणि ३०. नदीत काहीही तूट नसेल तर वरून २० एकक सोडल्यावर दोन्ही धरणे ५० टक्क्यांवर येतात. नदीपात्रात सोडलेल्या पाण्यापैकी निम्मे जिरत वा उपसले जात असेल तर मात्र २४ एकक सोडावे लागतात. त्यांतील १२ पोहोचतात आणि दोन्ही धरणे ४२ टक्क्यांवर स्थिरावतात. टक्केवारी दोन्ही वेळी समान आहे, परंतु दुसऱ्या वेळी खोऱ्याने १२ एकक गमावले. वरचा शेतकरी या १२ एककांकडे बोट दाखवितो. खालचा शेतकरी विचारतो की, वाटेतील बंधाऱ्यांच्या फळ्या वेळेवर काढल्या असत्या आणि काठावरचे पंप बंद ठेवले असते, तर एवढे गेले असते काय? दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि ते एकाच स्थिरांकाबद्दल आहे.

याहून खोल प्रश्न एककाचा आहे. या नियमात हक्क धरणाला मिळतो, माणसाला नव्हे. वरील उदाहरणातील वरच्या धरणावर २५ हजार आणि खालच्या धरणावर १ लाख कुटुंबे अवलंबून असतील, तर ५० टक्क्यांच्या समतेत वरच्या दर हजार कुटुंबांना १ एकक आणि खालच्यांना अर्धा एकक मिळतो. कुटुंबांची संख्या उलट असेल तर अन्यायाची दिशाही उलटेल. धरणाची क्षमता ही काही नैतिक मोजपट्टी नव्हे. ती ज्या काळात आणि आवकीच्या ज्या अंदाजांवर ठरली, त्या अंदाजांची आणि त्या काळच्या राजकारणाची ती खूण आहे. टक्केवारीची समता त्या जुन्या निर्णयांना न तपासता पुढे चालविते. नियम निरर्थक आहे असा याचा अर्थ नाही. तो नसता तर उंचावर असणे हाच हक्क ठरला असता. तरीही तो समतेचा प्रारंभ आहे, पूर्तता नव्हे.

६. समीकरणापूर्वीची सभा

एकक बदलले की न्याय कसा बदलतो, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राच्या भूमीतच आहेत.

धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर चालत आलेली फड पद्धती ही पहिली. नदीवर बंधारा, त्यातून काढलेला पाट आणि पाटाखालील जमिनीचे फड अशी तिची रचना असते. एका फडात एकच पीक घेतले जाते आणि पिकांची फेरपालट फडाफडांतून होते. पाणी कमी असेल तर प्रत्येकाचे पीक अर्धवट भिजविण्याऐवजी किती फड भिजवावयाचे, हे लाभधारक मिळून ठरवितात. निर्णय हंगामाच्या तोंडावर, म्हणजे पीक उभे राहण्यापूर्वी होतो. अल्गोरिदमला न विचारता येणारा प्रश्न, पिकाचा निर्णय वाटपाआधी की नंतर, या पद्धतीने आपल्या परीने सोडविला होता. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. तीत ज्याची जमीन त्याचेच पाणी. भूमिहीनाला स्थान नाही.

दुसरे उदाहरण पाणी पंचायतीचे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून हे कार्य सुरू केले. पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरविता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरविणे, दर माणशी अर्धा एकर आणि दर कुटुंबास कमाल अडीच एकर भिजेल एवढेच पाणी देणे, उसासारख्या अतिपाण्याच्या पिकास मनाई करणे, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर न जाणे आणि भूमिहीनांनाही हक्क देणे, ही तिची सूत्रे होती. इष्टतमीकरणाच्या परिभाषेत पाहता येथे एकक माणूस आहे, मागणीवर वरची मर्यादा आहे, पिकाची निवड निर्बंधात लिहिली आहे आणि हक्काचा साठा करण्याची वाट बंद आहे. मागील प्रकरणांत दिसलेले बहुतेक दोष या सूत्रांनी आधीच हेरले होते. सूत्रांना संगणकाची गरज पडली नाही. त्यांना गरज होती ती सभेत बसून ती मान्य करणाऱ्या माणसांची.

या उदाहरणाचेही उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पाणी पंचायतीच्या योजना लहान होत्या, परस्परांना ओळखणाऱ्या लोकांच्या होत्या. नाशिकचा शेतकरी आणि पैठणखालचा शेतकरी एका सभेत बसत नाहीत. एवढ्या मोठ्या खोऱ्यात शेकडो साठे, कालवे, शहरे आणि उद्योग यांचा हिशेब हाताने होणे शक्य नाही. तेथे गणनाची मदत अपरिहार्य आहे. म्हणूनच प्रश्न सभा की अल्गोरिदम असा नाही. सभेने ठरवावयाच्या गोष्टी अल्गोरिदमच्या पोटात दडवून ठेवल्या जातात काय, हा आहे.

७. समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. न्याय्य वाटपाचा कोणताही अल्गोरिदम तटस्थ नसतो. त्याची तटस्थता ही गणनेपुरती असते, निवडीपुरती नव्हे. ही निवड तीन ठिकाणी होते : हक्काचे एकक ठरविताना, मागणी मान्य करताना आणि वाटेतील तूट कोणाच्या खात्यात टाकावी हे ठरविताना. या तिन्ही ठिकाणी घेतलेला निर्णय एकदा समीकरणात शिरला की दिसेनासा होतो आणि त्याचे परिणाम तेवढे ‘इष्टतम उत्तर’ म्हणून जाहीर होतात. ज्याच्या वाट्याला शून्य येते, त्याला मग भांडण्यासाठी समोर माणूस सापडत नाही.

यावरून अशी अपेक्षा करता येते की, पाण्याच्या वाटपाचा जो कोणताही तक्ता किंवा प्रतिमान तयार होईल, त्याबरोबर ते कोणत्या तत्त्वावर आधारले आहे, तत्त्व बदलल्यास कोणाचा हिस्सा किती बदलतो आणि कोणता निर्बंध दुरुस्तीने सैल होण्याजोगा आहे, हेही लोकांसमोर यावे. संगणकाला एकाच तुटीची चार उत्तरे काढण्यास क्षणभरही अधिक लागत नाही. ती चारही उत्तरे टोकाच्या शेतकऱ्यासमोर ठेवली गेली, तर निदान आपल्यावर कोणता न्याय लागू केला जात आहे हे त्याला कळेल आणि त्याविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहील. गणिताचा हा उपयोग आजवर फार थोडा झाला आहे. वास्तविक त्याचे सर्वांत मोठे सामर्थ्य यातच आहे.